एका कमांडमध्ये न मावणारे काम

वेब एपीआयची क्लायंट लायब्ररी वापरायची म्हणजे दोन कामे करावी लागतात. ती आधी आपल्या संगणकावर इन्स्टॉल करायची आणि मग आपल्या खात्याशी जोडून कॉन्फिगर करायची. गेल्या दोन दशकांत पहिले काम एका कमांडवर आले, दुसरे मात्र वाढतच गेले. की मिळवा, ती जपा, परवानग्या ठरवा. ही अर्धवट राहिलेली सुधारणा आहे, कॉन्फिगरेशनही एक दिवस नाहीसे होईल, असे अनेकांना वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. लायब्ररीचा कोड सगळ्यांसाठी सारखाच असतो, म्हणून तो पोचवणे यंत्रावर सोपवता आले. कॉन्फिगरेशनमध्ये कोण, कुणाच्या वतीने आणि कुणाच्या मर्यादेत विनंती करतो आहे हे ठरते, आणि ते प्रत्येकाचे वेगळे असते.

गूगलने एप्रिल 2002 मध्ये शोधसेवेचा सोप एपीआय खुला केला तेव्हा ही दोन्ही कामे हातानेच करावी लागत. झिप फाइल उतरवायची, तिच्यातली जार फाइल जावाच्या क्लासपाथमध्ये घालायची आणि नोंदणी करून लायसन्स की मिळवायची. एका कीवर दिवसाला 1000 शोध करता येत, आणि शोधाच्या प्रत्येक विनंतीत ती की पहिल्याच जागी द्यावी लागे. मार्क पिल्ग्रिम यांनी या सेवेसाठी पायथॉनमध्ये लिहिलेली लायब्ररी ही की क्रमाने शोधत असे: आधी कोडमध्ये, मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, मग होम डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या लायब्ऱ्या आज की शोधतात त्याही साधारण अशाच क्रमाने. मधल्या काळात इन्स्टॉल करण्याची रीत पार बदलली, पण की कुठे ठेवावी या प्रश्नाचे उत्तर फारसे हलले नाही. कारण तो प्रश्न सोयीपेक्षा जबाबदारीचा होता.

इन्स्टॉल करणे सोपे झाले ते सामायिक भांडारांमुळे. पर्लचे सीपॅन 1995 मध्ये सुरू झाले. पुढे पायथॉनसाठी 2008 मध्ये पिप, नोडसाठी 2010 मध्ये एनपीएम आणि पीएचपीसाठी 2012 मध्ये कंपोझर आले. या सोयीची किंमतही मोजावी लागली. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे जेमतेम 11 ओळींचे पॅकेज लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले आणि त्यावर विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बिल्ड अडली. 2018 मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या आडून एका बिटकॉइन वॉलेटच्या खासगी की पळवणारा कोड पसरवला गेला. एका कमांडसरशी अनोळखी माणसांचा कोड आपल्या कीच्या शेजारी येऊन बसतो. पहिले काम जितके सोपे झाले, तितके दुसरे जोखमीचे झाले ते यामुळेच.

कॉन्फिगरेशन का वाढत गेले, हे ट्विटरच्या बाबतीत नेमके दिसते. सुरुवातीला तिथल्या लायब्ररीला वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दिला की काम भागे. याहून सोपे कॉन्फिगरेशन असू शकत नाही, पण त्यात प्रत्येक त्रयस्थ अ‍ॅपच्या हाती पूर्ण पासवर्ड जाई. पासवर्ड न देता परवानगी देण्याच्या ओऑथ 1.0 या प्रमाणाचा मसुदा डिसेंबर 2007 मध्ये पक्का झाला आणि ऑगस्ट 2010 च्या अखेरीस ट्विटरच्या एपीआयने पासवर्डचा मार्ग बंद केला. आता दोनाऐवजी चार मूल्ये भरावी लागू लागली: दोन अ‍ॅपची ओळख सांगणारी, दोन वापरकर्त्याची संमती सांगणारी. प्रोग्रामर वैतागले. पण पासवर्ड न बदलता एकाच अ‍ॅपची परवानगी काढून घेणे वापरकर्त्याला शक्य झाले ते याच वाढीव किचकटपणामुळे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की 2001 चे डब्ल्यूएसडीएल किंवा 2011 चे स्वॅगर यांसारख्या एपीआयच्या वर्णनांवरून लायब्ररी आपोआप तयार होते, तर कॉन्फिगरेशनही आपोआप व्हायला हरकत काय? पण असे वर्णन कुठल्या प्रकारची की लागेल एवढेच सांगू शकते. ती कुणाला आणि किती अधिकाराची द्यायची, हे त्यात लिहिता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हाताने भरलेली की उघडी पडते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना 2019 मध्ये गिटहबवरच्या एक लाखाहून अधिक रिपॉझिटरींत अशा गुप्त की सापडल्या. हे मान्यच करायला हवे. मात्र त्यावरचा उपाय पाहा. अ‍ॅमेझॉनने 2012 मध्ये क्लाउडमधल्या सर्व्हरला ‘रोल’ देण्याची सोय केली, तेव्हा फाइलमधली कायमची की गेली आणि तिच्या जागी ठरावीक वेळाने बदलणारी तात्पुरती की आली. कोणत्या सर्व्हरला कोणता रोल द्यायचा, हे तरीही माणसानेच ठरवायचे राहिले. टायपिंग यंत्राकडे गेले, निर्णय नाही.

म्हणून पहिली विनंती किती मिनिटांत यशस्वी झाली, एवढ्यावर क्लायंट लायब्ररीची पारख करणे अपुरे आहे. अधिकार किती बारकाईने देता येतो आणि दिलेला अधिकार किती सहज परत घेता येतो, हेही तपासायला हवे. या कसोटीवर 2010 नंतरचे ट्विटरचे चार रकाने आधीच्या दोनांपेक्षा सरस ठरतात.