तहबाजारीची पावती

तहबाजारी : नगरपालिकेच्या जागेत बसून माल विकणाऱ्याकडून घेतले जाणारे रोजचे शुल्क, म्हणजेच बाजार फी. तिला सरसकट ‘कर’ म्हटले जाते. कायदा तसे मानत नाही. कर शहराच्या एकूण खर्चासाठी, तर शुल्क मिळालेल्या सेवेपोटी. हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात स्पष्ट केला. म्हणून बाजारात पाणी, दिवे, झाडलोट नसेल तर विक्रेत्याची तक्रार रास्तच आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या हिंगोली, वसमत, कळमनुरी या नगरपरिषदा आणि औंढा नागनाथ, सेनगाव या नगरपंचायती १९६५ च्या राज्य कायद्याखाली चालतात. बाजाराची वसुली अनेक ठिकाणी लिलावाने ठेकेदाराकडे जाते. अशा वेळी मेथीच्या चार जुड्या मांडून बसलेल्या बाईला मिळणारा तो चिठोरा फार मोलाचा. त्यावर पावती क्रमांक, तारीख आणि रक्कम, तिन्ही हवेत. नाहीतर पैसे कुठे गेले हे तिला कधीच विचारता येणार नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला विक्री प्रमाणपत्राचा हक्कही दिला आहे.

नगरपालिकेच्या प्रत्येक कागदाला मात्र पैसे लागतात असे नाही. जन्माची खबर २१ दिवसांत दिली तर नोंदीला शुल्क नाही, आणि खबर देणाऱ्याला पहिला दाखला १९६९ च्या कायद्याने मोफत मिळतो. त्यासाठी कोणी पैसे मागितले तर वाचकांनी देऊ नयेत.