विगन कॅसिनो

विगन कॅसिनो : (1973–81). वायव्य इंग्लंडमधील विगन या गावातला नाइटक्लब. ‘नॉर्दर्न सोल’ या संगीतपंथाचे सर्वांत गाजलेले ठिकाण. एके काळी कोळशाच्या खाणी आणि कापडगिरण्यांचे असलेले हे गाव बाहेरच्या वाचकांना ठाऊक असते ते जॉर्ज ऑर्वेलच्या पुस्तकामुळे. तेथील स्टेशन रोडवरच्या ‘एम्प्रेस बॉलरूम’ या जुन्या नृत्यगृहात 23 सप्टेंबर 1973 रोजी रस विन्स्टन्ली या डीजेने पहिली ‘ऑलनायटर’ भरवली. रात्री दोनला दारे उघडत, सकाळी आठला संगीत थांबे. दारू मिळत नसे. जागे राहण्यासाठी ॲम्फेटामाइनच्या गोळ्या मात्र सर्रास घेतल्या जात.

नॉर्दर्न सोल हे नाव डेव्ह गॉडिन या पत्रकाराने रूढ केले. संगीत मात्र उत्तर इंग्लंडचे नव्हे. 1960च्या दशकात डेट्रॉइट, शिकागोकडच्या प्रामुख्याने कृष्णवर्णीय कलावंतांनी केलेल्या, मोटाउन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या धर्तीच्या जलद ठेक्याच्या आणि बहुधा अमेरिकेत पडलेल्या तबकड्या येथे दैवतासारख्या पुजल्या गेल्या. मँचेस्टरचे ‘ट्विस्टेड व्हील’ आणि टन्स्टॉलचे ‘गोल्डन टॉर्च’ हे आधीचे अड्डे बंद पडले होते. तिथली मंडळी विगनला वळली. कॅरमच्या बोर्डावर टाकावी तशी टाल्कम पावडर फरशीवर टाकून घोळदार विजारीतली पोरे एकेकटी गिरक्या घेत, पाठीवर पडून उठत. बिलबोर्ड मासिकाने 1978मध्ये कॅसिनोला जगातला सर्वोत्तम डिस्को ठरवले, असे वारंवार सांगितले जाते. या दाव्याची शहानिशा न करता तो पुढे सांगणारेच जास्त.

कॅसिनोचा खरा वारसा म्हणजे अपयशी गाण्यांना मिळालेला दुसरा जन्म. प्रत्येक रात्र ठरलेल्या तीन गाण्यांनी संपे : टोबी लेजंडचे ‘टाइम विल पास यू बाय’, जिमी रॅडक्लिफचे ‘लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर’ आणि डीन पॅरिशचे ‘आय अॅम ऑन माय वे’. रॅडक्लिफ जुलै 1973मध्ये, म्हणजे क्लब सुरू होण्याच्या जेमतेम दोन महिने आधी वारला. आपले गाणे इतक्या पहाटांना वाजणार हे त्याला कळलेच नाही. पॅरिशचे नशीब बरे. त्याला पुढे ब्रिटनमध्ये येऊन त्याच श्रोत्यांपुढे गाता आले.

फ्रँक विल्सनच्या ‘डू आय लव्ह यू’ची कथा याहून विलक्षण आहे. मोटाउनने 1965मध्ये काढलेल्या या तबकडीच्या बहुतेक प्रती बाजारात येण्याआधीच नष्ट झाल्या. दुर्मीळ तबकडी आपल्याकडेच राहावी म्हणून डीजे लेबल झाकून खोटे नाव सांगत. हे गाणेही आरंभी ‘एडी फॉस्टर’च्या नावावर वाजले. 2009मध्ये या तबकडीची एक प्रत 25 हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. या पंथात आवडीइतकीच मालकीचीही नशा होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

समकालीन टीकाही कमी नव्हती. ‘ब्लॅकपूल मेक्का’ या क्लबातील इयन लेव्हीन व कॉलिन कर्टिस हे डीजे 1970च्या दशकातील नव्या ध्वनीकडे वळले, तर विगनचा ओढा जुन्या ठेक्याकडे राहिला आणि रसिकांत उभी फूट पडली. ‘विगन्स ओव्हेशन’ या गोऱ्या बँडचे ‘स्कीइंग इन द स्नो’ 1975मध्ये लोकप्रिय गीतांच्या यादीत चढले, तेव्हा कट्टर मंडळींनी नाके मुरडली. ते गाणे ऐकता ही नापसंती अगदीच अन्यायाची वाटत नाही.

6 डिसेंबर 1981 रोजी क्लब बंद झाला. शेवटची तबकडी विल्सनचीच होती. पुढच्या वर्षी इमारत आगीत होरपळली आणि 1983मध्ये पाडण्यात आली. त्या परिसरात आज ‘ग्रँड आर्केड’ हे खरेदी-संकुल आहे. क्लब बंद झाला त्याच 1981 साली ‘सॉफ्ट सेल’ या बँडने ग्लोरिया जोन्सचे ‘टेन्टेड लव्ह’ हे सोल-क्लबांतले जुने गाणे सिंथेसायझरवर गाऊन ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. टोनी पामरच्या 1977च्या दूरचित्रवाणी माहितीपटात कॅसिनोच्या आतली दृश्ये टिकून आहेत. इलेन कॉन्स्टंटाइनचा ‘नॉर्दर्न सोल’ (2014) हा चित्रपट याच पंथावर असून 2023मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्स महोत्सवात ही गाणी पूर्ण वाद्यवृंदासह सादर झाली. ऑलनायटर आजही भरतात.