विशेष माल्ट मुरवणे

माल्ट अर्कापासून घरी बीअर करताना उकळण्याआधीची पायरी. भरडलेले विशेष माल्ट सुती जाळीच्या पुरचुंडीत सैलसर बांधून ६५ ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० ते ३० मिनिटे ठेवतात. मग पुरचुंडी निथळून काढतात, त्याच पाण्यात अर्क विरघळवतात आणि हॉप्स घालून उकळतात. १९ लिटर बीअरला साधारण पाव ते अर्धा किलो माल्ट पुरते.

अर्क म्हणजे कारखान्यात माल्टमधून काढून आटवलेला गोड रस. पिष्टाची साखर करण्याचे किचकट काम त्यात आधीच उरकलेले असते. ताज्या धान्याचा वास आणि चव मात्र बेताचीच उरते. ती उणीव मुरवण्याने भरून निघते.

या पायरीत विरघळण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. त्यामुळे कोणते माल्ट घेतले, हे घड्याळापेक्षा महत्त्वाचे. क्रिस्टल माल्ट यासाठी उत्तम. ते करताना मोड आलेले सातू ओले असतानाच तापवतात, म्हणून पिष्टाची साखर दाण्याच्या आतच होते. तिच्यातला जो भाग यीस्टला पचत नाही, तो बीअरला गोडवा आणि दाटपणा देतो. चॉकलेट माल्ट (त्यात चॉकलेट नसते), काळे माल्ट आणि भाजलेले सातू यांच्यापासून गडद रंग व कॉफीच्या वळणाची कडसर चव मिळते. काळ्या माल्टचे मूळ इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने १८१७ मध्ये एकस्व घेतलेल्या भाजणीच्या पद्धतीत आहे. पोर्टर बीअरचा रंग त्यानंतर बदलला. म्युनिक माल्ट नुसते मुरवून भागत नाही. त्यातल्या पिष्टाची साखर अजून व्हायची असते. ती करणारी विकरे त्यात असली, तरी बेताचे पाणी, ६५ ते ६८ अंश तापमान आणि तासभर वेळ द्यावा लागतो. ओट्सना विकरेच नसतात. ते एकटे मुरवले, तर पिष्ट उतरून बीअर गढूळ होते.

तापमान ७७ अंशांपुढे गेले आणि पाणी अल्कधर्मी असले, तर टरफलांतील टॅनिन उतरून तुरटपणा येतो. पुरचुंडी गार पाण्यात सोडून उकळी फुटताच काढावी, ही जुनी कृती म्हणूनच मागे पडली. पुरचुंडी पिळू नये, हा दंडक मात्र वाजवीपेक्षा कडक वाटतो.

ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये घरगुती बीअरवरील परवान्याची अट गेली. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बीअर करमुक्त झाली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय बीअर करणे हा गुन्हा आहे.