विदेशी विद्यापीठे व मराठी विद्यार्थी

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी केलेल्या विद्यापीठ-निवडीचा इतिहास. ही निवड केवळ अभ्यासविषयाच्या सोयीने झाली नाही. शुल्क व चरितार्थ, पदवीला स्वदेशात मिळणारी मान्यता आणि राज्यकर्त्यांचा विश्वास वा अविश्वास या तीन गोष्टींनी ती बांधलेली होती. ज्यांच्या पाठीशी संस्थानिक वा धनिक नव्हता, त्यांना शासनाच्या पैशावर चालणारी मोठी विद्यापीठे विशेष उपयोगी पडली. नासिक जिल्ह्याचा या इतिहासाशी अनेक अंगांनी संबंध येतो.

पार्श्वभूमी : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. नासिक येथे महाविद्यालय निघाले ते १९२४ मध्ये. तोपर्यंत तेथील विद्यार्थ्यास पदवीसाठी पुणे वा मुंबई गाठावी लागे व त्यापुढील शिक्षणासाठी बहुधा इंग्लंड. वरिष्ठ सरकारी नोकरी आणि बॅरिस्टरी यांचे मार्ग लंडनमधून जात असल्यामुळे ब्रिटिश शिक्षणास स्वदेशी जी किंमत होती, ती अन्य देशांतील पदव्यांस नव्हती.

लंडन व नासिक : भगूर (जि. नासिक) येथील विनायक दामोदर सावरकर हे मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. ते १९०६ मध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांच्यामार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर लंडनला गेले व ग्रेज इन या संस्थेत कायद्याच्या अभ्यासासाठी दाखल झाले. श्यामजींच्या शिष्यवृत्त्या घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी पत्करू नये, अशी अट होती. भारतीय विद्यार्थ्यांतील वाढत्या राजकीय जागृतीमुळे १९०७ मध्ये ली-वॉर्नर समितीने त्यांच्या स्थितीची चौकशी केली आणि १९०९ मध्ये त्यांच्यासाठी लंडन येथे माहिती कार्यालय उघडून टॉमस आर्नल्ड यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी १ जुलै रोजी लंडन येथे मदनलाल धिंग्रा या विद्यार्थ्याने कर्झन वायली यांचा वध केला. २१ डिसेंबर रोजी नासिक येथे विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांस ठार मारले. सावरकरांचा अभ्यास पूर्ण झाला असतानाही ग्रेज इनने त्यांस बॅरिस्टरीची सनद दिली नाही. या घटनांनंतर इंग्लंडमधील भारतीय विद्यार्थ्यांकडे अधिकच संशयाने पाहिले जाऊ लागले. ऑक्सफर्ड, केंब्रिज यांसारख्या ठिकाणी प्रवेश मिळविताना गुणवत्तेबरोबर शिफारशीचे महत्त्व वाढले. म्हणजे ज्यास वजनदार ओळख नाही, त्याची वाट अरुंद झाली.

अमेरिकेतील राज्य विद्यापीठे : अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना कृषी व यांत्रिक विद्यांच्या महाविद्यालयांसाठी जमिनी देण्यात आल्या. त्यातून उभ्या राहिलेल्या संस्थांत शेती, अभियांत्रिकी, रसायन अशा, वसाहतीतील विद्यार्थ्यास हव्या असलेल्या विषयांचे शिक्षण तुलनेने अल्प खर्चात मिळे. सुटीत शेतावर वा कारखान्यात आणि सत्र चालू असता उपाहारगृहात काम करून शिकण्यास तेथे कमीपणा मानला जात नसे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी ऑरेगन राज्याच्या कॉर्व्हॅलिस येथील कृषी महाविद्यालयात व नंतर पुलमन येथील वॉशिंग्टन राज्य महाविद्यालयात शिक्षण घेतले. गदर चळवळीत ते अग्रभागी होते. पुढे मेक्सिकोतील चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी अध्यापन व मक्यावर संशोधन केले. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ मध्ये मिळविली. कॉर्नेल हे खाजगी विद्यापीठ असले, तरी न्यूयॉर्क राज्यातील मॉरिल कायद्याचा लाभ त्यासच मिळाला होता. अमेरिकेचा १९१७ चा आप्रवासन कायदा भारतीय श्रमिकांस प्रतिबंध करणारा होता. विद्यार्थी मात्र त्यातून वगळलेले होते. परंतु अमेरिकन पदवी सरकारी सेवेत ब्रिटिश पदवीइतकी उपयोगी नसल्यामुळे त्या वाटेने जाणारा बहुधा व्यवसाय, अध्यापन वा चळवळ यांकडे वळे.

संस्थानांचा आश्रय : बडोद्याचे सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा जन्म नासिक जिल्ह्यातील कवळाणे येथे झाला. त्यांच्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया या खाजगी विद्यापीठात गेले. त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यांस करावा लागला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते परतले. १९२० मध्ये पुन्हा जाऊन त्यांनी लंडन विद्यापीठाची डी.एस्‌सी. पदवी १९२३ मध्ये संपादन केली. याच काळात त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते; तेथील अभ्यास मात्र पूर्ण झाला नाही. जर्मन विद्यापीठे शासकीय होती व संशोधनासाठी त्यांचा लौकिक मोठा होता. भाषा शिकण्याची तयारी हे तेथील खरे प्रवेशमूल्य होते. इरावती कर्वे यांनी १९२८–३० मध्ये बर्लिन येथे मानवशास्त्राचे संशोधन करून डॉक्टरेट मिळविली.

स्वातंत्र्योत्तर काळ : केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू झाली. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने आप्रवासनाची वंशाधिष्ठित बंधने दूर झाल्यावर तेथील राज्य विद्यापीठांत जाणाऱ्या अभियंत्यांची व वैज्ञानिकांची संख्या वाढली. अध्यापन-साहाय्यक वा संशोधन-साहाय्यक म्हणून मिळणारे वेतन व शुल्कमाफी हा त्यांचा मुख्य आधार होता. महाराष्ट्र शासनाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ मध्ये सुरू केली. अनुसूचित जमातींसाठीची शिष्यवृत्ती आदिवासी विकास विभागामार्फत दिली जाते. त्या विभागाचे आयुक्तालय नासिक येथे आहे. अशा योजनांत विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे, अशी अट असते. यामुळे दर्जाची हमी मिळते. तथापि विषयाचे उत्तम अध्यापन असूनही क्रमवारीत मागे असलेली संस्था शिष्यवृत्तीधारकास निवडता येत नाही.

मूल्यमापन : विद्यापीठ ‘सार्वजनिक’ असले, म्हणजे ते परदेशी विद्यार्थ्यास स्वस्त असतेच असे नाही. अमेरिकेतील राज्य विद्यापीठे राज्याबाहेरील विद्यार्थ्यांकडून अधिक शुल्क घेतात. जर्मनीत सर्वसाधारण शिक्षणशुल्क २०१४ पर्यंत सर्व राज्यांतून रद्द झाले. परंतु बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना प्रतिसत्र १,५०० यूरो शुल्क लागू केले. विस्तृत ग्रंथालये, सुसज्ज प्रयोगशाळा व विषयांचे वैविध्य हे मोठ्या विद्यापीठांचे गुण, तर आरंभीच्या वर्गांतील गर्दी व शिक्षकाशी येणारा तुटक संबंध हे त्यांचे दोष होत. विद्यापीठ निवडण्याचे स्वातंत्र्य खर्चाच्या तरतुदीवर किती अवलंबून असते, हे भगूर व कवळाणे या नासिक जिल्ह्यातील दोन गावांशी निगडित असलेल्या वरील उदाहरणांवरून दिसून येते. शिष्यवृत्तीने एकास लंडनचे व दुसऱ्यास न्यूयॉर्कचे दार उघडून दिले. मात्र दोहोंसही तिच्या अटी होत्या. स्वतःच्या श्रमावर शिकणाऱ्यास तशी अट नव्हती; त्याला कष्ट मात्र अधिक पडत.