सही तुझीच ना?

बावीस वर्षांची असताना मी पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीला लागले. पहिल्याच दिवशी बॉण्डचे कागद पुढे आले. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दीड लाख भरायचे. मी नीट वाचलं आणि सही केली. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होणार होता. आठ महिन्यांनी आईचं कॅन्सरचं निदान झालं. राजीनामा घेऊन गेले, तेव्हा एचआरमधल्या माणसाने कागद माझ्याकडे वळवून अगदी शांतपणे विचारलं, "सही तुझीच ना?"

सही माझीच होती. मी उरलेले सोळा महिने तिथेच काढले. केमोच्या दिवशी आईसोबत मावशी जायची.

पुढे लग्नानंतर अमेरिकेत आले आणि वेळ जावा म्हणून एका कम्युनिटी कॉलेजात 'बिझनेस लॉ'च्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. पहिले काही तास सोपे होते. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, दोघांनी एकमेकांना काहीतरी मोबदला द्यायचा, की झाला करार. मग एके दिवशी एका बेकरीचा खटला शिकायला आला, आणि एचआरमधला तो प्रश्न मला शंभर वर्षं जुन्या कागदांत पुन्हा भेटला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या अनेक बेकऱ्या चाळवजा इमारतींच्या तळघरांत होत्या. ओल, पिठाची धूळ, भट्टीची धग आणि रात्रभर काम. कामगार कित्येकदा तिथेच झोपायचे. १८९५ साली राज्याने कायदा केला: बेकरी कामगाराकडून दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांहून जास्त काम करून घ्यायचं नाही. युटिका शहरातल्या जोसेफ लॉकनर या बेकरीमालकाने तो मोडला. त्याला ५० डॉलर दंड झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गंमत म्हणजे, त्याच्या बाजूने युक्तिवाद करणाऱ्यांत हेन्री वाइसमन होता. हा गृहस्थ एकेकाळी बेकरी कामगारांच्या युनियनचा पुढारी. या कायद्यासाठी आधी तोच झगडला होता. मधल्या काळात तो स्वतः बेकरीमालक झाला होता.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी. राज्याच्या विधिमंडळाने केलेला कायदा न्यायालय रद्द कसा करू शकतं? कायदा संविधानाविरुद्ध असेल तर तो टिकत नाही, आणि तो तसा आहे का हे ठरवायचं काम न्यायालयाचं, असं मुख्य न्यायाधीश जॉन मार्शल यांनी १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन या खटल्यात सांगितलं. संविधानात हा अधिकार इतक्या स्पष्ट शब्दांत कुठेच लिहिलेला नाही. तरी अमेरिकेची न्यायव्यवस्था आजही त्यावर उभी आहे.

लॉकनरचा आधार होता चौदावी घटनादुरुस्ती. यादवी युद्धानंतर, १८६८ साली, नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांना संरक्षण मिळावं म्हणून झालेली. कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणतंही राज्य कुणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेणार नाही, असं ती सांगते. लॉकनरच्या वकिलांचं म्हणणं असं, की या 'स्वातंत्र्या'त करार करण्याचं स्वातंत्र्यही आलं. कामगाराला बारा तास राबायचं असेल तर सरकार कोण अडवणार?

१७ एप्रिल १९०५ रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी लॉकनरला जिंकवलं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पेकहॅम म्हणाले, बेकरी कामगार काही कमी अकलेचे नाहीत, आपलं हित त्यांना कळतं, सरकारने त्यांचं पालक व्हायची गरज नाही. वाचायला किती सन्मानाचं वाटतं! न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोधी मतात वैद्यकीय नोंदी मांडल्या: पिठाच्या धुळीने फुप्फुसं आणि डोळे सुजतात, यातली फार थोडी माणसं पन्नाशी ओलांडतात. न्यायमूर्ती होम्स यांचं विरोधी मत जेमतेम दोन पानांचं. त्याचा सूर असा, की संविधान कुठल्याही एका आर्थिक सिद्धान्ताची बांधील नसतं.

पुढची तीस वर्षं ही 'कराराची मोकळीक' कामगार कायद्यांच्या आड येत राहिली. १९०८ साली ऑरेगनमधल्या धुलाई कामगार स्त्रियांसाठी दहा तासांची मर्यादा टिकली, पण ती 'बायका नाजूक असतात' या कारणावर. १९२३ साली स्त्रियांच्या किमान वेतनाचा कायदा न्यायालयाने रद्द केला. त्याचं एक कारण असं, की आता बायकांना मताधिकार मिळाला आहे, तेव्हा त्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज नाही. नाजूक ठरलात तर कमकुवत म्हणून शिक्का, बरोबरीच्या ठरलात तर पगाराला कात्री.

हे सगळं बदललं ते हॉटेलच्या खोल्या झाडणाऱ्या एका बाईच्या खटल्यात. एल्सी पॅरिश वॉशिंग्टन राज्यातल्या वेनाची गावात एका हॉटेलात काम करायची. राज्याच्या नियमानुसार ४८ तासांच्या आठवड्याला किमान साडेचौदा डॉलर, म्हणजे तासाला सुमारे ३० सेंट, मिळायला हवे होते. तिला त्याहून कमी मिळत होते. १९३५ साली काम सुटल्यावर तिने फरकाचे २१६ डॉलर १९ सेंट मागितले. हॉटेलचं उत्तर तेच: ठरलेल्या पगारावर तू स्वतःच्या मर्जीने आली होतीस. खालच्या न्यायालयाला ते पटलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तिच्या बाजूने निकाल दिला, आणि मग हॉटेल वॉशिंग्टन डीसीला गेलं.

२९ मार्च १९३७. पुन्हा पाच विरुद्ध चार, पण या वेळी उलट बाजूने. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कचा असाच वेतन कायदा पाडणारे न्यायमूर्ती रॉबर्ट्स या वेळी दुसऱ्या बाजूला होते. न्यायालयात जादा न्यायाधीश नेमण्याच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या योजनेला घाबरून ते फिरले, अशी चर्चा तेव्हापासून आहे. पण त्यांनी आपलं मत डिसेंबरमध्येच दिलं होतं आणि योजना जाहीर झाली फेब्रुवारीत. मुख्य न्यायाधीश ह्यूज यांनी निकालात सरळ विचारलं, हे कराराचं स्वातंत्र्य आहे तरी काय? संविधानात हे शब्दच नाहीत. ज्याला सौदा करायची ताकदच नाही त्याला अपुरा पगार दिला, तर त्याच्या जगण्याचा उरलेला खर्च समाजावर पडतो. म्हणजे लोकांनी अशा मालकाला अनुदानच द्यायचं. पुढच्याच वर्षी देशभरासाठी ताशी २५ सेंट किमान वेतनाचा कायदा झाला, आणि तो पुरुषांनाही लागू होता.

हा सगळा वाद ऐन भरात असताना, १९१३ ते १९१६, बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्या वर्गांत लॉकनरची चर्चा झाली की नाही, हा माझा दावा नाही. पण १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवलं: सरकार बाजूला झालं की उरणारं स्वातंत्र्य हे जमीनदाराला खंड वाढवायचं आणि मालकाला तास वाढवून मजुरी कमी करायचं स्वातंत्र्य असतं.

त्या रात्री वर्गातून घरी येऊन मी आपला १८७२चा करार कायदा पहिल्यांदा उघडला. त्याचं ७४वं कलम सांगतं, की करार मोडल्यावर वाजवी भरपाई मिळू शकते, आणि कागदावर लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे ते दीड लाख आपोआप द्यावे लागणारच होते असं नाही. हे मला बावीसाव्या वर्षी ठाऊक नव्हतं. आईला फोन लावून सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, पण तेव्हा तुझा हप्ताही होता ना."

सही माझीच होती. पण पेन हातात घेताना माझ्यासमोर दुसरं काय होतं, हा प्रश्न त्या टेबलावर कुणीच विचारला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही तो नीट विचारायला १९०५ पासून १९३७ पर्यंत बत्तीस वर्षं लागली.