शस्त्रक्रियेपूर्वीचा श्वास

१९५६ साली भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरच्या सचिवालयाबरोबर कितीतरी मराठी कुटुंबे येथे आली. हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने गोविंदपुऱ्याचे रूप पालटले तेही त्याच काळात. त्या पिढीतील मंडळी आता वार्धक्यात आहेत. घरात कोणाच्या फुफ्फुसाची शस्त्रक्रिया ठरली की रक्त, पैसा, सोबत यांची तजवीज होते. श्वासाच्या तालमीचा विषय मात्र सहसा निघत नाही. या तालमीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

पहिल्या महायुद्धात छातीवर जखमा झालेले सैनिक लंडनच्या रुग्णालयांत येऊ लागले. १९१५ मध्ये सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील कॉर्टलंड मॅकमॅहन यांनी अशा रुग्णांच्या श्वसन-व्यायामांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. हे गृहस्थ मूळचे वाचादोष सुधारणारे शिक्षक! पुढे १९३४च्या सुमारास ब्रॉम्प्टन रुग्णालयात विनिफ्रेड लिंटन यांनी फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेतील रुग्णांना हे व्यायाम पद्धतशीर शिकविले. ते आधी शिकवावेत की नंतर, याचा उलगडा स्वीडनमधील थोरेन यांच्या १९५४च्या अभ्यासाने झाला. रुग्ण पित्ताशयाचे होते. पण आधीपासून शिकलेल्यांत फुफ्फुसाचे उपद्रव सर्वांत कमी आढळले.

कारण साधे आहे. बरगड्यांमधून छेद गेल्यावर दीर्घ श्वास दुखतो, खोकणे त्याहून दुखते. रुग्ण उथळ श्वास घेतो, कफ तळाशी साचतो, फुफ्फुसाचा तो भाग मिटतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. वेदनेच्या भरात नवी विद्या शिकता येत नाही. अंगवळणी पडलेली तेवढी उपयोगी पडते. म्हणून पोट फुगवीत सावकाश श्वास घेणे, तो क्षणभर धरणे, उशी छातीशी दाबून खोकणे हे सारे आधीच घटवून घ्यावयाचे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ४४१ रुग्णांच्या चाचणीत, पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियेपूर्वी अर्ध्या तासाच्या एकाच पाठाने फुफ्फुसाचे उपद्रव २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

येथे मराठी वाचकास लोणावळा आठवणे स्वाभाविक आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांना क्ष-किरण व दाबमापकाच्या कसोटीवर धरले आणि ते ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून मांडले. तथापि लंडनच्या व्यायामांचे मूळ प्राणायामात होते, असे म्हणण्यास आधार नाही. कुंभक किंवा भस्त्रिका यांना या तालमीचा पर्याय समजणे तर धोक्याचे.

भोपाळात फुफ्फुसाचा विषय निघाला की १९८४च्या डिसेंबरची ती रात्र येतेच. वायूचा लोट मुख्यतः जुन्या शहरावर गेला आणि गोविंदपुरा बराचसा वाचला; पण त्या रात्री तिकडे असलेले आप्त-स्नेही अनेकांना आहेत. अशा दुबळ्या फुफ्फुसावर पुढे शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर तारीख घेतानाच भौतिकोपचारतज्ज्ञाची गाठ मागून घ्यावी. विडी-सिगारेट असेल तर तीही त्याच दिवशी सुटावी.