दुर्मीळता, समूह आणि मान्यता : 'ओम दर-ब-दर'च्या अभिग्रहणाचा इतिहास

'कल्ट' ही संज्ञा मराठी चित्रपटसमीक्षेत अनुवादित न होताच रुळली. 'पंथ' किंवा 'संप्रदाय' हे पर्याय उपलब्ध असूनही ते स्वीकारले गेले नाहीत, आणि त्याला कारण आहे. संप्रदायाला गुरुपरंपरा असते, आचारधर्म असतो, वारी असते. कल्ट चित्रपटाभोवती जमणाऱ्या समूहाजवळ बहुधा संहिता तेवढी असते, तीही अनेकदा झिजलेल्या प्रतीत. त्यामुळे प्रश्न असा उपस्थित होतो, की कल्ट असणे हा कलाकृतीचा गुणधर्म आहे, की तिच्या अभिग्रहणाच्या इतिहासाने तिला दिलेले स्थान? कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) हा हिंदी चित्रपट या प्रश्नाच्या विचारासाठी विशेष उपयुक्त ठरतो.

स्वरूप हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. तेंडुलकरांच्या नाटकावर आधारलेल्या 'घाशीराम कोतवाल' (१९७६) या मराठी चित्रपटाच्या चार दिग्दर्शकांपैकी ते एक होते. मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा हे अन्य तिघे. तो चित्रपट 'युक्त' या सहकारी गटाने निर्माण केला होता. 'ओम दर-ब-दर'ची निर्मिती मात्र राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अर्थसाहाय्यातून झाली. तेव्हा त्याला 'स्वतंत्र' म्हणताना हे स्वातंत्र्य बाजारपेठेपासूनचे होते, शासनापासूनचे नव्हे, हे ध्यानात घ्यावे लागते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनपासून चालत आलेल्या या व्यवस्थेत निर्मितीसाठी पैसा मिळे. परंतु तयार झालेला चित्रपट प्रेक्षकांपर्यंत नेणारी यंत्रणा सदैव दुबळी राहिली. 'ओम दर-ब-दर' १९८८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही लाभला. तथापि भारतातील चित्रपटगृहांत तो प्रदर्शित झाला नाही.

संहितेकडे वळले असता तिची रचना या पुढील इतिहासाला अनुकूल होती असे दिसते. अजमेर-पुष्करच्या परिसरात वाढणारा, श्वास रोखून धरण्यात निष्णात असलेला ओम. नोकरी सोडून ज्योतिषाच्या नादी लागलेले बाबूजी. सिनेमागृहात पुरुषांच्या भागात जाऊन बसणारी गायत्री. बेडूक आणि हिरे. पुराणकथा, जाहिराती, विज्ञानाचे पाठ्यपुस्तक आणि हिंदी सिनेमाची गाणी: या सर्वांना बांधणारे कथानक जवळजवळ नाहीच. 'कॅसाब्लांका'वरील निबंधात उंबेर्तो एको यांनी असे प्रतिपादन केले, की कल्ट ठरणारी कलाकृती सांध्यांतून निखळवता आली पाहिजे; प्रेक्षकाला तिचे तुकडे समग्रापासून वेगळे काढून स्मरता आले पाहिजेत. एकोंच्या उदाहरणात हे निखळणे पटकथेच्या घाईतून, रूढ संकेतांच्या गर्दीतून आले होते. स्वरूप यांच्याकडे ते हेतुपुरस्सर आहे. त्यामुळे चित्रपटातील वाक्ये, गाण्यांचे तुकडे आणि प्रतिमा अर्थ लागण्यापूर्वीच पाठ होतात. संपूर्ण चित्रपट न पाहिलेल्यालाही त्याचा एखादा तुकडा ठाऊक असू शकतो.

तरीही केवळ संहितेने समूह निर्माण होत नाही. अमेरिकेत 'एल तोपो'ला १९७० च्या अखेरीपासून न्यूयॉर्कच्या एल्जिन चित्रपटगृहातील मध्यरात्रीच्या खेळांनी प्रेक्षक मिळवून दिला. तेथे स्थळ आणि वेळ ठरलेली होती. समूह प्रत्यक्ष एकत्र येत होता. 'ओम दर-ब-दर'ला असे स्थळ नव्हते. फिल्म सोसायट्यांचे विरळ खेळ, महोत्सव, हातोहात फिरणाऱ्या व्हिडिओ कॅसेट आणि पुढे संगणकीय प्रती यांतून त्याचा प्रेक्षक विखुरलेल्या अवस्थेतच घडला. साठोत्तरी मराठी वाचकाला ही स्थिती अपरिचित नाही: अनियतकालिकांच्या मोजक्या प्रतींभोवतीही असाच, एकमेकांना प्रतींच्या देवघेवीतून ओळखणारा वाचकवर्ग तयार झाला होता. प्रत मिळवणे हाच येथे दीक्षेचा विधी ठरतो, आणि धूसर प्रतीतून चित्रपट पाहणाऱ्याला दुर्बोधतेपैकी किती भाग दिग्दर्शकाचा आणि किती प्रतीचा, हे सांगणे कठीण होते.

या विखुरलेल्या समूहाला अधिकारवाणी मिळाली ती पुढील पिढीतील दिग्दर्शकांमुळे. अनुराग कश्यप यांनी या चित्रपटाचा प्रभाव जाहीरपणे मान्य केला. 'देव.डी' (२००९) यशस्वी झाल्यावर 'ओम दर-ब-दर' हा त्याचा पूर्वज म्हणून वाचला जाऊ लागला. उत्तराधिकाऱ्याने पूर्वसूरी निर्माण करावा, तसेच हे घडले. अखेर महामंडळाने पुनरुज्जीवित केलेली प्रत १७ जानेवारी २०१४ रोजी पीव्हीआरमार्फत चित्रपटगृहांत आली. याउस यांच्या परिभाषेत सांगायचे तर दरम्यान अपेक्षांचे क्षितिज बदलले होते. १९८८ चा प्रेक्षक कथा शोधत आला असता. २०१४ चा प्रेक्षक ती सापडणार नाही हे जाणूनच आला.

म्हणूनच या इतिहासाचे कौतुक करताना सावधगिरी आवश्यक आहे. पंचवीस वर्षांची अनुपलब्धता ही वितरणव्यवस्थेची निष्फळता होती. 'कल्ट' या बिरुदाने ती चित्रपटाच्या तेजोवलयाचा भाग बनते आणि दोषाला गुणाचे रूप येते. शिवाय दुर्मीळता स्वयमेव कोणालाही तारत नाही. ज्यांना महोत्सव, पुरस्कार, कॅसेट आणि उत्तराधिकारी लाभले नाहीत, ते चित्रपट केवळ अदृश्य झाले. कल्टचा इतिहास लिहिणे म्हणजे वाचलेल्यांचा इतिहास लिहिणे होय. जे वाचले नाहीत त्यांचा हिशेब मांडल्याखेरीज समीक्षेला हे पद मूल्यवाचक म्हणून वापरता येणार नाही.